लाल आत्या

खारबोडीच्या पोरी जन्मल्या जन्मल्या रडत नाहीत. आधी दम धरतात, सुईणीच्या हातांकडे बघून ही पकडणार की निसटू देणार याचा अंदाज घेतात, आणि मगच तोंड उघडतात. पेणहून खाडीकडे उतरत गेलं की मिठागरांच्या कडेला हे गाव लागतं. गावात देवळं दोन आणि कबड्डीची मैदानं तीन. तिसरं मैदान हरलेल्यांना रडण्यासाठी राखून ठेवलंय, असं शेजारचे वाशीखारवाले म्हणतात. पण वाशीखारवाल्यांचं काय ऐकायचं!

दक्षा घरत ही या गावची चढाईची राणी. वय पंधरा, अंगानं शेवग्याची शेंग, पण दम असा की एकदा ती 'कबड्डी कबड्डी' करत पलीकडे शिरली तेव्हा पंच टपरीवर जाऊन कटिंग पिऊन आला, आणि येऊन बघतो तर बाई अजून तिकडेच, श्वास तोच. चढाईला घड्याळ लावायचा नियम दक्षामुळेच झाला, असं गावात शपथेवर सांगतात. नियम तिच्या जन्माआधीचा आहे, ही गोष्ट वेगळी.

तर असा हा दम ऐन थंडीत, तालुक्याच्या उपांत्य सामन्यात, वाशीखारच्याच अंगणात तुटला. दक्षा दोघींना शिवून परत फिरली होती. मध्यरेषा हातभर राहिली आणि छातीतून अशी उबळ आली की कबड्डीतला 'क' एकीकडे आणि 'ड्डी' दुसरीकडे. खोकून खोकून ती दुमडली, शेवटी श्वास आत ओढताना कोंबडा आरवावा तसा आवाज निघाला, आणि पंचानं हात वर केला. वाशीखारच्या पोरींनी तिला पकडलं नाही. खोकल्यानं पकडलं.

घरी येताच निदानं झाली. काकू म्हणाली मिठाची धूळ. आईनं ज्येष्ठमध चघळायला दिलं. निनाददादा, म्हणजे दक्षाचा थोरला भाऊ आणि कबड्डीतला गुरू, म्हणाला सराव कमी पडला. खोकला काही आठवडे रेंगाळला आणि पाहुण्यासारखा न सांगता निघून गेला. सगळे विसरले.

विसरला नाही तो 'मागमूस'.

मागमूस म्हणजे मनगटावर बांधायची काळी पट्टी. त्या वर्षी तालुक्यातल्या बारा ते अठरा वयाच्या प्रत्येक पोराच्या हातात ती आली. डासापेक्षा हलक्या हातानं ती आठवड्याला रक्ताचा एक थेंब पिते, त्यात काय सापडलं ते सरकारी दवाखान्यात कळवते, आणि वर एक दिवा लावते: हिरवा नाहीतर लाल. कशासाठी, ते सांगायला डॉक्टर नसरीन काझी ग्रामपंचायतीच्या सभागृहात आल्या. खाडीकाठीच वाढलेल्या बाई, बोलायला मोकळ्या.

"डांग्या खोकल्याची लस आपण तान्हेपणी घेतो," त्या म्हणाल्या, "पण तिचा जोर जन्मभर पुरत नाही. पोरं वरच्या वर्गात जाईस्तोवर ओसरतो. मग हा रोग त्यांना गुपचूप गाठतो. अंथरूण धरत नाहीत, नुसती खोकतात. तुम्ही म्हणता धूळ आहे, बर्फाचा गोळा खाल्ला असेल, परीक्षा जवळ आलीय. माझ्याकडे आणता तोवर जंतू निघून गेलेला असतो. पण तेवढ्यात तो घरातल्या तान्ह्या बाळापर्यंत पोचला, तर? दीड महिन्याच्या आतलं बाळ, एकही लस टोचलेली नाही. त्याला धड खोकताही येत नाही. श्वासच थांबतो."

डॉक्टरांनी टेबलावरची एक काळी पट्टी उचलून सगळ्यांना दाखवली.

"जंतू गेला तरी रक्तात खूण राहते. त्याच्या विषाशी लढायला शरीर प्रतिपिंडं बनवतं. ती लगेच नाही चढत, दोन-तीन आठवडे लागतात. मग पुढे महिनोन्महिने हळूहळू उतरतात. तुम्ही खाडीच्या बांधावरची चिखलाची रेघ बघून सांगता ना, भरती केव्हा येऊन गेली आणि किती चढली होती? मागमूस तेच करतो, रक्तात. लक्षात ठेवा, रेघ दिसते तेव्हा पाणी गेलेलं असतं. आणि पाणी चढत असतं..."

"म्हणजे लाल म्हणजे धोका!" बाळाराम काका उठून म्हणाले. हे दक्षाचे सख्खे काका, कबड्डी मंडळाचे अध्यक्ष, आणि दुसऱ्याचं वाक्य स्वतः पूर्ण करण्यात जिल्ह्यात पहिले.

"नाही हो, लाल म्हणजे होऊन गेलेला..."

"डॉक्टरबाई, सिग्नल आम्हांलाही कळतो! आम्हीपण पनवेलला जातो!"

सभागृह खदखदून हसलं, आणि त्या हशात विज्ञान जे बुडालं ते वर आलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून गावात सिग्नलचं राज्य सुरू झालं. लाल पोरांना शाळेत मागचा बाक मिळाला. तो त्यांना हवाच होता. वडापाववाला लाल गिऱ्हाइकाला चिमट्यानं वडा आणि चिमट्यानंच सुटे परत देऊ लागला. काकूनं लेकीसाठी एका स्थळाला कळवून टाकलं की आमची सानिका गोरी, गाणारी आणि हिरवी आहे. सानिका अजून अकरावीत होती, पण हिरवेपण वाया का घालवा?

दक्षाची पट्टी पहिल्याच आठवड्यात लालभडक पेटली. मैदानावर त्याचा परिणाम विचित्र झाला. ती चढाईला गेली की समोरच्या सातही जणी मागच्या रेषेपर्यंत सरकायच्या. शिवणार कोण लाल पोरीला? दक्षा प्रत्येक चढाई जिंकून यायची आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसायची. कबड्डीपटूला सगळं सोसतं. कुणी पकडायलाच न येणं सोसत नाही.

त्यातच मनवावहिनी बाळंत झाली. माहेरी, म्हणजे वाशीखारला. हो, निनादनं बायको शत्रूच्या गावची केली होती. त्यावर वेगळी कथा होईल. बाळ घाईचं निघालं, आठव्या महिन्यातच आलं. मूठभर मुलगी, काही दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आली तेव्हा कुठे बारसं ठरलं. लस घ्यायचं वजन अजून अंगावर चढायचं होतं.

बारसं म्हटलं की आत्या आली. पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानाला तोंड लावून 'कुर्रर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि पाठीवर बायकांचे धपाटे खायचे, हा आत्याचा हक्क. वहिनीला दिवस गेल्यापासून दक्षा तांब्याच्या कळशीत तोंड घालून 'कुर्रर्र'चा सराव करत होती. कळशीला एक चीर गेली ती त्यानंच, असं ती सांगायची.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी निनाद ओट्यावर येऊन बसला आणि चपलेचा अंगठा नीट करायला लागला. अंगठा नीटच होता.

"दक्षू, उद्या ये हां तू. पण पाळण्यापाशी सानिका जाईल."

"सानिका चुलत आत्या आहे, दादा. सख्खी मी."

"बाळ किती नाजूक आहे माहितीये ना? काका म्हणतात..."

"काका राहू दे. तू काय म्हणतोस?"

घोटा पकडावा तर निनादनं. त्याच्या हातात सापडलेला पाय सुटला, असं तालुक्यात कुणी पाहिलेलं नाही. पण त्या संध्याकाळी त्याला बहिणीची नजरसुद्धा पकडता येईना.

"तुझा दिवा लाल आहे गो," तो चपलेकडे बघत म्हणाला.

वाशीखारच्या अंगणात दुसऱ्या दिवशी मांडव, तोरणं, ध्वनिक्षेपक, सगळं होतं. दक्षाला मांडवाबाहेर, हातपंपापाशी प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. घुगऱ्यांची वाटी एका बाईनं सुपात ठेवली आणि सूप काठीनं पुढे ढकललं. बाळाराम काकांनी दारातच टोपली धरली होती. "बाळाच्या डोळ्यांवर उजेड मारायचा नाही, फोन टाका!" सगळ्यांचे फोन टोपलीत गेले. दक्षाचा मात्र हातात घेईना कुणी, म्हणून तेवढा तिच्याकडे राहिला.

नऊवारी सावरत सानिका पंपापाशी आली. लहानपणापासून दोघींचं एका ताटात. सानिका खेळायची नाही, पण सामन्यांचं समालोचन असं करायची की हरलेला संघही टाळ्या वाजवायचा.

"रागावलीस?" तिनं विचारलं. आवाज घोगरा होता.

"नाही. खूश आहे. पेढे वाटू?"

"असं काय गं! मी बाबांना म्हटलं, दक्षाच जाऊ दे..." सानिका तोंड फिरवून शिंकली. मग परत एकदा. "चार दिवस झाले बघ. नाक नुसतं गळतंय."

"सरबत पी."

"मी गेल्या आठवड्यात खाडीपलीकडच्या स्पर्धेत दिवसभर बोलले ना, तेव्हापासून घसा गेलाय. त्यांची समालोचक तर काय खोकत होती! एकच माइक दोघींत. ती खोकायची, पुसायची, मला द्यायची. मी म्हटलं, बाई, तू आधी घरी जा."

"सानिका! ये गो, मुहूर्त होतोय!" काकूची हाक आली, आणि सानिका पदर नाकाला लावून पळाली.

दक्षा घुगऱ्या चावत राहिली. चावता चावता जबडा थांबला. समोर, अंगणापलीकडे, वाशीखारच्या खाडीचा बांध उन्हात पडला होता. त्यावर चिखलाची करडी रेघ होती आणि पाणी पार खाली, दूर. रेघ दिसते तेव्हा पाणी गेलेलं असतं. आणि पाणी चढत असतं तेव्हा? काकांनी तोडलेलं वाक्य तिनं स्वतःच पुरं केलं. तेव्हा रेघ नसते!

डॉक्टरांनी सभेत सगळ्यांना दिलेला नंबर तिनं लावला. "डॉक्टर, मी दक्षा. खाडीपलीकडे लाल दिवे किती लागलेत?"

"कालपासून धडाधड लागताहेत. का गं?"

"सानिका तिकडच्या माइकवर बोलली. आता शिंकतेय. पट्टी हिरवी आहे तिची, आणि ती कुर्र करायला चाललीय!"

पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला. "हिरवीच असणार! प्रतिपिंडं चढायला अजून वेळ आहे. नुसत्या पडशासारखा दिसतो तेव्हाच तो सगळ्यांत जास्त पसरतो. मी मघापासून लावतेय, निनाद फोन का उचलत नाही?"

"टोपलीत आहे तो."

"कोण, निनाद?"

"फोन!"

"मी वाटेतच आहे. आहेर पण आहे आणि तपासणीची पेटी पण. तोवर तिला बाळाच्या तोंडाशी जाऊ देऊ नकोस. कसंही कर."

"पण मी लाल..."

"तुझ्या बांधावरचं पाणी केव्हाच ओसरलं, पोरी. तुझ्यापासून कुणाला काही होत नाही. पळ!"

दक्षा मांडवाच्या तोंडाशी धावली आणि ओरडली. पण आत ध्वनिक्षेपकावर पाळणा लागला होता आणि शंभर बायका त्याच्या वरताण गात होत्या. ऐकलं ते एकट्या काकांनी. "जळते बघा कशी!" ते म्हणाले. "बस तिकडे! शुभकार्यात अडथळा नको!"

बायकांच्या डोक्यांपलीकडे, माजघराच्या दारातून, पाळणा दिसत होता. सानिका पाळण्याशी पोचली होती.

दक्षानं खाली बघितलं. पायांसमोर मांडवाची रांगोळी, सरळ पांढरी रेघ. ही मध्यरेषा. तिनं मातीला हात लावून कपाळाला लावला, छाती भरून श्वास घेतला, आणि शत्रूच्या अंगणात, थंडीत जिथे दम तुटला होता त्याच गावात, चढाई टाकली.

"कबड्डी-कबड्डी-कबड्डी-कबड्डी..."

आधी झाला तो चमत्कार. लाल मनगट पुढे धरून ती घुसली आणि बायका दोन्ही बाजूंना अशा फाकल्या की मध्ये बैलगाडी जावी. कुणी ताटं उचलली, कुणी पोरं उचलली, एकीनं चुकून दुसरीचंच पोर उचललं. पण वाशीखार ते वाशीखार. घाबरतील किती वेळ? वहिनीची सुलभामावशी, एके काळची डावी कोपरारक्षक, आता गुडघ्यांना पट्टे, तिच्या अंगात जुनं वारं शिरलं. "अगो, ही खारबोडीची! धरा तिला!" मावशीनं पाट आडवा धरला. दक्षा पाटावरून उडी मारून गेली. काकूनं नारळ घरंगळवला, ती डाव्या पायावर गिरकी घेऊन सुटली. काकांनी दोन्ही हात पसरले आणि फोनांची टोपली त्यांच्याच पायावर पडली.

"...कबड्डी-कबड्डी-कबड्डी..."

आता फक्त दार. आणि दारात निनाद.

तो खाली बसलाच. तिचा हूल देणारा पाय कोणता, खरा कोणता, हे त्यानंच शिकवलेलं. दक्षानं उजवा दाखवून डावा टाकला आणि त्यानं डावाच घोटा पकडला. लोखंडाची पकड. कित्येक आठवड्यांत तिला कुणाचाही हात लागला नव्हता. पहिला लागला तो हा.

बोलावं तर दम तुटतो. दम तुटला की बाद. दक्षा बोलली नाही. भावाच्या डोळ्यांत बघत ती तेच म्हणत राहिली, एका श्वासात, एका सुरात, "कबड्डी-कबड्डी-कबड्डी-कबड्डी..."

निनाद ऐकत होता. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचे दम ऐकले होते. कुणाचा कधी फाटणार हे त्याला श्वासाच्या टोकावरून कळायचं. हा दम फाटत नव्हता. त्यात खरखर नव्हती, शीळ नव्हती, उबळ नव्हती. तळापर्यंत स्वच्छ. आणि त्याच्या पाठीमागे, पाळण्यावर वाकता वाकता, सानिकाचा श्वास मात्र नाकात अडकला, "आ... आ..."

निनादनं घोटा सोडला. तालुक्यानं तो क्षण पहिल्यांदा पाहिला.

दक्षा सूर मारून गेली. सानिकाच्या कमरेला हात, एक हिसका, आणि शिंक फुटली ती पाळण्यात नव्हे, मागच्या दारात वाळत घातलेल्या कोलंबीच्या सोड्यांवर. नऊवारीसकट सानिकाला ओढत, दारातून, बायकांमधून, पाटावरून, नारळावरून, दक्षा उलट पावली रांगोळीपलीकडे येऊन पडली. आणि तिथे, फक्त तिथे, तिनं दम सोडला.

"रेघ दिसते तेव्हा..." ती धापा टाकत म्हणाली, "पाणी गेलेलं असतं!"

तेवढ्यात दारात गाडी थांबली.

डॉक्टर काझींनी आहेर एका हातानं वहिनीच्या आईकडे दिला आणि दुसऱ्या हातानं पेटी उघडली. सानिकाच्या नाकात बारीक बोळा फिरला. मग त्यांनी सगळ्यांदेखत दक्षाच्याही नाकात फिरवला. पेटी गुणगुणत बसली. तिच्याकडे शंभर बायका अशा बघत होत्या, जणू आतून निकालाऐवजी मोदक निघणार.

"दक्षाच्या नाकात काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सानिकाच्या आहे. डांग्या खोकलाच. लवकर सापडला, औषधानं आटोक्यात येईल. बाळाजवळ बसलेल्यांनाही देते आणि बाळावर मी स्वतः नजर ठेवते."

"पण ती हिरवी आहे!" काकांचा आवाज चिरकला. "माझी पोर हिरवी आहे हो!"

डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "बाळारामशेठ, तुमचा जन्म मिठागरात गेला. बांध कोरडा ठणठणीत आहे, रेघ नाही, काही नाही. भरती येऊन गेलेली असते की यायची असते?"

काकांनी तोंड उघडलं. सवयीनं वाक्य पूर्ण करायला गेले, आणि पहिल्यांदाच ते वाक्य त्यांचं स्वतःचं निघालं.

"यायची असते," ते म्हणाले आणि टोपलीतून सांडलेले फोन वेचायला बसले.

सानिका हातपंपापाशी त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, तोंडाला पट्टी लावून, डोळे भरलेले. "मी तिला... दक्षा, मी त्या बाळाला..."

"काही केलं नाहीस. बाद झालीस वेळेवर."

"जा आता," सानिका नाक ओढत म्हणाली. "वाकताना डावा पाय पुढे ठेव, पदर पाळण्यात जातो. आणि नाव चुकू नकोस."

मनवावहिनीनं दारात येऊन स्वतः हात पुढे केला. "या, वन्स," ती म्हणाली. पंधरा वर्षांच्या पोरीला वन्स म्हणताना ती हसली नाही, डोळे पुसले.

पाळण्यात बाळ जागं होतं, लाल, सुरकुतलेलं, आत्यासारखंच बारीक. दक्षा वाकली. डावा पाय पुढे. लाल दिव्याचं मनगट पाळण्याच्या कडेला टेकलं, आणि तिनं कानाला तोंड लावलं.

"कुर्रर्रर्रर्र..."

वाशीखारचे लोक म्हणतात तो कुर्र सुरू झाला तेव्हा खाडीला ओहोटी होती आणि संपला तेव्हा पाणी बांधाला लागलं होतं. वाशीखारवाल्यांचं काय ऐकायचं; पण या वेळी खारबोडीवालेही तेच सांगतात. शेवटी उरलेल्या श्वासात दक्षानं नाव सांगितलं, "ऊर्मी."

आणि मग धपाटे. पहिला सुलभामावशीचा, गुडघ्यांचे पट्टे सांभाळत, पण कोपरारक्षकाचा हात तो. मग काकूचा. मग मैदानावर तिच्यापासून रेषेपर्यंत सरकणाऱ्या पोरींचे, मग सूप काठीनं ढकलणाऱ्या बाईचा, मग सगळ्यांचे, दणादण, दणादण, सगळ्या मांडवाचे हात त्या एका पाठीवर. खुर्चीतून सानिकाचा घोगरा आवाज चढला, "आणि प्रेक्षकहो, खारबोडीच्या घरत यांची चढाई यशस्वी! वाशीखारचा संपूर्ण संघ बाद!" बायका मारता मारता हसत होत्या, दक्षा हसता हसता रडत होती, आणि म्हणत होती, "अजून! अजून मारा!"

हा बायकांचा कार्यक्रम, पुरुषानं त्यात यायचं नसतं. तरी गर्दी पांगली तेव्हा मागून कुणीतरी आलं, घुटमळलं, चपलेचा अंगठा जमिनीवर घासला.

शेवटचा धपाटा निनादचा. तो सगळ्यांत जोरात बसला.